गाजर गवत नेमकं कधी आलं? वाफ्यातून सुरू झालेला एक प्रश्न

मागच्या वेळी आपण सिनॉप्सिस कसा लिहायचा ते बघितलं. त्यानंतर काही जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: "सोर्स तपासा, सोर्स तपासा असं सगळेच म्हणतात, पण तपासायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" याची व्याख्या देता येईल, पण ती पेट परीक्षेपुरतीच उपयोगी पडेल. त्यापेक्षा माझ्याच सिनॉप्सिसमधलं एक वाक्य दाखवते. ते असं होतं: "पी.एल. ४८० करारानुसार अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर गाजर गवत भारतात आले."

माझा विषय थोडक्यात सांगते, म्हणजे हे गवत मध्येच कुठून उगवलं असं वाटणार नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली खुरपणी, म्हणजे तण काढण्याचं काम आणि ते करणाऱ्या बायका, हा विषय. काळ १९५० च्या पुढचा. आता या दोन तालुक्यांतल्या तणाबद्दल लिहायचं आणि गाजर गवत टाळायचं, हे शक्यच नाही.

ते वाक्य मी कुठून घेतलं होतं? कुठूनच नाही. ते मला 'माहीत' होतं. शाळेत बाईंनी सांगितलेलं, दर पावसाळ्यात पेपरात छापून येणारं, बसमध्ये शेजारच्या काकांनीही सांगितलेलं. इतक्या लोकांना माहीत असलेल्या गोष्टीला कोण कशाला तळटीप देतं? गाईडनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला: "कशावरून?"

त्या एका शब्दावर माझे पाच महिने गेले. पण सुरुवात आमच्या वाफ्यापासून करते, कारण त्या प्रश्नाकडे बघायचं कसं हे मला तिथे कळलं, लायब्ररीत नाही.

शिरूरला आमच्या घरामागे दोन खाटांएवढी जागा आहे. आई दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि मृगाचा चांगला पाऊस झाला की चुरगळून तिथे टाकते. त्या वर्षी मी फील्डवर्कसाठी घरी होते. आठ-दहा दिवसांनी वाफा हिरवा झाला आणि मी उत्साहाने खुरपं घेऊन बसले. खुरपणीवर पीएच.डी. करणारी मुलगी, निदान एक वाफा तरी स्वतः खुरपावा! अर्ध्या तासात मी बरीच झेंडूची रोपं उपटली आणि गाजर गवत मोठ्या प्रेमाने राखलं.

आई बाहेर आली, तिने ढीग बघितला आणि म्हणाली, "अगं, दोन पानांवर असताना हात लावायचा नसतो. चार पानं होऊ दे. मग ती आपणहून सांगतात कोण आहेत ते."

ज्यांच्याकडे कुंडी किंवा वाफा आहे त्यांनी हे एकदा करून बघाच, पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. बी रुजल्यावर पहिली जी दोन पानं दिसतात ती खरी पानं नसतात, बीजपत्रं असतात. झेंडूची बीजपत्रं लांबट आणि अरुंद, पट्टीसारखी. देठ बऱ्याचदा लालसर-जांभळा. गाजर गवताची बीजपत्रं बारकी, आखूड, गोलसर. एवढ्यावरून ओळखता येईल असं वाटतं, पण पावसानंतर वाफ्यात दहा जातींची रोपं असतात, त्यातली निम्मी बारकी आणि गोलसरच असतात. झेंडूची पहिली खरी पानंच कातरलेली येतात, समोरासमोर, प्रत्येक पर्णिकेला बारीक दाते, आणि चुरगळली की तो ओळखीचा वास. गाजर गवत इथे फसवतं. त्याचं पहिलं खरं पान साधंच असतं, कातरलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या पानापासून ते कातरायला लागतं आणि पानं जमिनीला चिकटून गोल थाळीसारखी पसरतात. फिकट हिरवी, हात लावला तर बारीक लव जाणवते. या अवस्थेत ते गाजरासारखं दिसतं असं नाव सांगतं, पण मला विचाराल तर ते शेवंतीसारखं जास्त दिसतं. शेवंती आपल्याकडे बियांपासून कमीच लावतात. जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या काश्या लावतात. त्या कोवळ्या काश्या आणि गाजर गवताची थाळी शेजारी ठेवली तर नवशिक्याची गल्लत होणारच. हे शेवंतीचं साम्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॉसमॉसचा घोळ तर याहून मोठा. त्याची बीजपत्रं झेंडूसारखीच लांबट, पहिली पानंही कातरलेलीच. फरक वासाचा. आणि केशरी कॉसमॉस हल्ली फूल आहे की तण हाच प्रश्न आहे, कारण बागांमधून निघून ते पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेने पसरलंय. असो.

(गाजर गवत उपटायचं असेल तर ओल्या मातीत, फुलं यायच्या आत, आणि हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घालून. एका झाडापासून हजारो बिया पडतात, पंधरा-वीस हजार ही अतिशयोक्ती नाही. मोजे का घालायचे ते पुढे येईलच.)

आता 'कशावरून'कडे.

पहिली पायरी अगदी रटाळ होती: तारखा लावणं. माझ्या वाक्यात दोन घटना होत्या, करार आणि गवत. दोन्हींच्या तारखा शोधायच्या आणि कोण आधी ते बघायचं. पी.एल. ४८० हा मुळात अमेरिकेचा कायदा, जुलै १९५४ मध्ये मंजूर झालेला. भारताने त्याखाली पहिला करार केला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. गहू आला तो त्यानंतर.

आणि गवत? भारतातली नवी नोंद म्हणून 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस'वरचं टिपण आर. शेषगिरी राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं, वर्ष १९५६. नोंद कुठली? पुण्याची. म्हणजे आपल्या दारातली.

करारही १९५६ आणि नोंदही १९५६. इथे माझ्यासारखा घाईतला विद्यार्थी म्हणतो, "बघा, जुळलं!" मीही म्हणाले होते. पण जरा हिशोब करा. ऑगस्टच्या शेवटी करार होतो. मग गव्हाची खरेदी, जहाज, मुंबई बंदर, रेल्वे, रेशन दुकान. त्यात चुकून आलेलं बी कुठेतरी सांडतं, रुजतं, वाढतं, फुलतं, वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नजरेला पडतं, तो ते ओळखतो, जुन्या ग्रंथांशी ताडून बघतो, टिपण लिहितो, जर्नल ते छापतं. हे सगळं चार महिन्यांत? जर्नलला लेख पाठवण्याचा अनुभव ज्यांना आहे ते इथेच हसतील.

त्यात आणखी एक गोष्ट. पुण्यातल्या प्रा. परांजपे यांनी हे झाड १९५१ मध्येच पुण्यात उकिरड्यांवर तुरळक उगवलेलं पाहिलं होतं, असं नंतरच्या लेखांमध्ये येतं. हा पुरावा रावांच्या टिपणाइतका पक्का धरायचा की नाही, यावर तुम्ही वाद घालू शकता. पाहणं १९५१ चं, पण मला ते भेटतं नंतरच्या लिखाणात, दुसऱ्याने सांगितलेलं म्हणून. आपल्या भाषेत दुय्यम साधन. तरी ते खरं असेल तर कायदासुद्धा झालेला नव्हता तेव्हा गवत पुण्यात होतं.

म्हणून 'पी.एल. ४८० च्या गव्हाने गाजर गवत पहिल्यांदा आणलं' हे वाक्य मी खोडलं. पण खोडण्याचा आनंद फार टिकला नाही. कारण गाईडनी पुढचा प्रश्न विचारला: "अमेरिकेचा गहू काय फक्त पी.एल. ४८० खालीच आला?"

नाही ना! जून १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज देणारा वेगळा कायदा केला होता, सुमारे २० लाख टन धान्याचा. शिवाय स्वातंत्र्याच्या आगेमागे टंचाईच्या वर्षांत परदेशी धान्य येतच होतं. म्हणजे 'पी.एल. ४८०' हे नाव पडलं तरी 'आयात धान्य' हे कारण उभंच राहतं. आणि पी.एल. ४८० ने पहिल्यांदा आणलं नसलं, तरी नंतर पुन्हा पुन्हा आणलं असू शकतं. एखादं झाड एकदाच येतं असं कुठाय? ऑस्ट्रेलियाचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. तिथे क्वीन्सलँडमध्ये हेच गवत १९५५ मध्ये टूगूलावा इथे सापडलं, त्याचा संबंध दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन यंत्रसामग्रीशी लावतात. मग काही वर्षांनी क्लेरमाँटजवळ टेक्सासहून आलेल्या गवताच्या भेसळयुक्त बियाण्यातून ते पुन्हा आलं, आणि खरा फैलाव झाला तो या दुसऱ्या वेळचा. एकच झाड, एकच राज्य, दोन वाटा. आपल्याकडे एकच वाट होती असं आपण का धरून चालतो? मला वाटतं, गोष्ट सांगायला एक वाट सोपी पडते म्हणून.

इथपर्यंत मला वाटत होतं की भांडण १९५१ आणि १९५६ मधलं आहे. मग डेहराडूनचा कागद समोर आला. तिथल्या वन संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये या झाडाचा एक वाळवलेला नमुना आहे, डी. ब्रँडिस यांचा, १८८० चा. हे तर काहीच नाही. त्याआधी १८१४ मध्ये, विल्यम रॉक्सबर्ग यांनी केलेल्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या यादीत, 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मध्ये, पार्थेनियम हिस्टेरोफोरसचं नाव आहे. ती यादी सेरामपूरला विल्यम केरी यांनी छापून काढली. हो, तेच केरी, ज्यांचं मराठी व्याकरण १८०५ चं आणि कोश १८१० चा. मराठीच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतात, वनस्पतीशास्त्राच्याही असतात, पण दोघे बहुधा वेगवेगळ्या केरींबद्दल बोलतोय असं समजतात.

तर १८१४. ही तारीख मी बघितली आणि दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. तारीख जुनी आहे म्हणून नव्हे. ती कुठल्या यादीत आहे बघा. ती शेतातल्या तणांची यादी नाही. ती बागेची यादी आहे. ज्या झाडाला आज आपण जाळा, उपटा, फवारा म्हणतो त्याचं भारतातलं जुनं लेखी नाव एका बागेच्या वहीत, राखलेल्या झाडांमध्ये येतं. म्हणजे मी आमच्या वाफ्यात जे केलं त्यात काही नवीन नव्हतं!

आता तुमच्यातला हुशार विद्यार्थी म्हणेल, "मग झालं की! गवत १८१४ पासून भारतात आहे, पुण्याची नोंद निरर्थक." थांबा. कलकत्त्याच्या बागेतलं झाड आणि पुण्याच्या उकिरड्यावरचं झाड यांच्यात नातं आहे हे कशावरून? बागेतलं तिथेच मरून गेलं असेल. १८८० चं झाड कलकत्त्याच्या वंशातलं असेल किंवा तिसरंच कुठलं. उलट, मधली ग्रंथसंपदा बघा. हूकर यांची ब्रिटिश भारताची फ्लोरा १८९७ मध्ये पूर्ण झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा १९०१ ते १९०८ मध्ये आली. यात हे झाड रुळलेलं म्हणून असतं, तर रावांना १९५६ मध्ये 'नवी नोंद' असं म्हणता आलं नसतं. म्हणजे 'भारतात होतं' आणि 'भारतात पसरलं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या मूळ वाक्यातल्या 'आले' या क्रियापदाने दोन्ही एकत्र कोंबले होते. आपण सिनॉप्सिसमध्ये नामांवर खूप मेहनत घेतो. क्रियापदं तशीच सोडून देतो.

आता एक जरा खोलातली गोष्ट. इथे मला आईचं ते 'चार पानं होऊ दे' आठवलं.

हर्बेरियमचा नमुना कसा घेतात? फूल किंवा फळ असलेली फांदी घेतात, कारण त्याशिवाय जात पक्की ठरवता येत नाही. दोन पानांचं रोप सहसा कुणी दाबून, वाळवून, चिकटवून ठेवत नाही. म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या दप्तरात झाड येतं ते फुलल्यावर, आणि तेही ते बघणारा तिथे असेल तर. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय सुरू झालं डिसेंबर १९५५ मध्ये. नोंद छापली गेली १९५६ मध्ये. हा योगायोग मला कराराच्या योगायोगापेक्षा जास्त बोलका वाटतो. झाडं ओळखणारी माणसं शहरात आली आणि झाड 'सापडलं'. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही, आणि प्रबंधात मी ते अनुमान म्हणूनच लिहिलंय. पण इतिहासात 'पहिली नोंद' असं वाचलं की मी आता आधी विचारते, नोंद करणारा तिथे केव्हा पोचला?

मग नोंदीच्या आधीचं रोप कुणी बघितलं असेल? उघड आहे. जी रोज जमिनीकडे वाकून बसते तिने. खुरपणाऱ्या बाईचं सगळं कामच दोन ते सहा पानांच्या झाडांशी असतं. फुलेपर्यंत तण ठेवणं म्हणजे तिची रोजंदारी बुडणं. म्हणजे झाडाच्या ज्या अवस्थेबद्दल कागद गप्प आहेत, तीच तिला सगळ्यात चांगली माहीत. फक्त तिने लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून मी विचारायला गेले. दौंड तालुक्यात, भीमेच्या बाजूच्या गावांमध्ये. वयस्कर माणसांना एकच प्रश्न: "काँग्रेस पहिल्यांदा कधी बघितलं?" (आमच्याकडे बोलताना 'काँग्रेस'च म्हणतात. सरकार काँग्रेसचं होतं म्हणून, किंवा पांढरी फुलं गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून, दोन्ही कारणं ऐकायला मिळतात. कुठे 'चटक चांदणी' म्हणतात. नावावरून काळ काढायचा मोह मलाही झाला, पण पक्ष १८८५ चा आहे, त्यामुळे त्या नावातून तारीख काही हाती लागत नाही.)

बहुतेक पुरुषांनी ताबडतोब उत्तर दिलं: बहात्तरच्या दुष्काळात, मिलोबरोबर. मिलो म्हणजे त्या दुष्काळात रेशनवर वाटलेली लाल परदेशी ज्वारी. सुकडी आणि मिलो या दोन शब्दांशिवाय आमच्या भागात १९७२ ची आठवण निघतच नाही. एका आजोबांनी तर दौंड जंक्शनच्या यार्डात पोती फुटायची, तिथूनच पसरलं, असं अगदी बघितल्यासारखं सांगितलं. दौंड हे मोठं जंक्शन, मनमाडची लाईन १८७८ पासून तिथे मिळते, धान्याच्या गाड्या तिथून जाणार हे साहजिक. ऐकताना पटतंच.

पण कागदावर हे गवत पुण्यात १९५६ ला आहे आणि पी.एल. ४८० ची आयात १९७२ पर्यंत जवळजवळ संपलेलीच होती. मग आजोबा चुकले? मी तेव्हा वहीत 'स्मरणदोष' असं लिहिलं होतं. आज त्या शब्दाची लाज वाटते. ते 'भारतात कधी आलं' याचं उत्तर देतच नव्हते, मी ते विचारलंही नव्हतं. आपल्या शिवारात ते डोळ्यात भरण्याइतकं कधी झालं, हे ते सांगत होते. दुष्काळात पिकं गेली, जमिनी पडीक राहिल्या, माणसं खडी फोडायला गेली, खुरपायला कोण होतं? मोकळ्या, कुणी न खुरपलेल्या जमिनीत आणि पुढच्या पहिल्या चांगल्या पावसात हे झाड माजणारच. मिलोतून बी आलं असेल, नसेलही. पण बहात्तर ही तारीख रिकामी नाही.

बायकांनी मात्र साल सांगितलं नाही. एका मावशींचं बोलणं इथे देते, नाव देत नाही. त्या म्हणाल्या, "साल मला काय ठावं? पण धाकटा पोटात होता तवा हाताला ही एवढी खाज सुटली. दवाखान्यात म्हनले काँग्रेसमुळं हाय." धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १९७६ चा. सालं अशी काढावी लागतात. मुलाखतीत "कोणत्या वर्षी?" विचारून उपयोग नसतो. "तेव्हा घरात कोण लहान होतं?" विचारा. दुसरीकडचा पुरावाही जुळतो. या झाडाच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचारोगावरचे पुण्यातले वैद्यकीय लेख १९७० च्या दशकात मिळतात. शहरातल्या डॉक्टरांनी जे रुग्ण बघून लिहिलं तेच मावशींच्या कोपरापर्यंत होतं. त्यांनी मला हात दाखवले. कातडी अजून जाड आणि काळपट आहे, आणि पावसाळ्यात अजून खाज सुटते.

मी वही मिटत होते तेव्हा त्या पुढे बोलल्या, आणि माझं अख्खं प्रकरण त्या वाक्यावर उभं आहे. "पर त्याच्या आधी मी त्येला लई जपलं हुतं बरं का. मला वाटलं शेवंतीच हाय."

लग्न होऊन आल्यावर एका वर्षी, उकिरड्याच्या कडेला शेवंतीच्या काश्यांसारखं काहीतरी फुटलेलं त्यांना दिसलं. त्यांनी ते मातीसकट काढलं आणि तुळशीजवळ लावलं. पाणी घातलं. थाळीसारखं पसरलं, छान वाढलं. मग मधून उंच दांडा निघाला आणि बारकी पांढरी फुलं आली, वासाविना. सासू हसली. लग्न धाकट्याच्या दहा-बारा वर्षं आधीचं. म्हणजे १९६५ च्या आसपास दौंडजवळच्या त्या वस्तीवर हे झाड होतं, तुरळक, इतकं अनोळखी की रोज खुरपणाऱ्या बाईलासुद्धा फूल वाटावं. एका बाईची आठवण, एका झाडाची. याच्यावर किती वजन टाकायचं? मी फार टाकलेलं नाही. पण पुण्याचं १९५६ आणि आजोबांचं १९७२ यांच्यामधल्या सोळा वर्षांत माझ्याकडे याशिवाय या दोन तालुक्यांतला दुसरा कुठलाच पुरावा नाही, आणि त्यात झाडाचं वर्णन इतकं नेमकं आहे (काश्या, थाळी, मग दांडा) की ते ऐकीव वाटत नाही. ऐकीव गोष्टीत गव्हाची पोती असतात, चुकून जपलेली शेवंती नसते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. परदेशी म्हणजे तण असं समीकरण मी डोक्यात घेऊनच निघाले होते. झेंडू कुठला? मेक्सिकोकडचा. तिथे मृतांच्या सणाला तो लागतो, आपल्याकडे त्याच्याशिवाय दसरा नाही. गाजर गवत त्याच बाजूचं. दोघं एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या. आजीच्या औषधातला, जखमेवर चोळायचा दगडी पालासुद्धा उष्ण अमेरिकेतलाच, पण त्याला आपण परका म्हणत नाही. जलपर्णी तर शोभेची म्हणून बंगालात आणलेली, ती आज भीमेत दिसते. गंमत म्हणजे गाजर गवताला दाबायला जी पिकं घ्या म्हणून सांगतात त्यात झेंडूही आहे. आणि १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या गवताची पानं खाणारा भुंगा मागवला, तोही मेक्सिकोतूनच.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: "गाजर गवताची पुण्यातील छापील नोंद १९५६ ची असून, अभ्यासक्षेत्रातील मौखिक साधनांत ते १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तुरळक आणि १९७२ च्या दुष्काळानंतर सर्वत्र आढळते, त्याच्या आगमनाचा आयात धान्याशी असलेला संबंध शक्य आहे, सिद्ध नाही." वाचायला कंटाळवाणं आहे, कबूल. बसमधल्या काकांना हे सांगून बघितलं, ते म्हणाले, "म्हणजे पी.एल. ४८० च की!"

सध्या मी दुसऱ्या बाजूने जातेय. तालुक्यांच्या जुन्या पीकपाहणीत आणि मजुरीच्या हिशोबांत खुरपणीचे दिवस १९६० ते १९८० मध्ये कधी वाढले ते मिळतं का, हे बघायचं आहे. गवत वाढलं असेल तर एकरी खुरपणारे हात वाढलेले दिसायला हवेत. शिरूरच्या एका कुटुंबाकडे माळ्यावर तशा वह्या आहेत, वाळवी लागलेल्या, मोडी आणि बाळबोध मिसळून लिहिलेल्या. दिवाळीनंतर या म्हणालेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशा मजुरीच्या वह्या असतील तर टाकून देण्याआधी फोटो तरी काढून ठेवा, एका पानावर एक, तारखेची बाजू न कापता.